कामाविंगाच्या व्हायरल पोस्टमधून गाळलेलं रेन

परत एकदा ती कामाविंगाची पोस्ट फिरायला लागलीय. त्यात म्हटलंय की फ्रान्सचा मिडफिल्डर एदुआर्दो कामाविंगा निर्वासितांच्या छावणीत फुटबॉल खेळत मोठा झाला, घर जळालं म्हणून त्याने फुटबॉल धरला, कुणाला नावही माहीत नसताना रियाल माद्रिदने त्याला हेरलं आणि स्टार बनवलं, आणि फ्रान्सकडून खेळलेला तो आजवरचा सगळ्यात लहान खेळाडू आहे. खाली नुसते हात जोडलेले इमोजी. हा पोरगा मला रेन या फ्रेंच क्लबात होता तेव्हापासून आवडतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही, कारण ज्यांनी खरी मेहनत घेतली त्यांचंच नाव यात कुठे नाहीये.

छावणीत जन्मला हे खरं आहे. 10 नोव्हेंबर 2002, अंगोलातला काबिंडा भाग, आईवडील काँगोचे. पण तो साधारण दोन वर्षांचा असतानाच कुटुंब फ्रान्सला आलं, आधी लीलला आणि मग फूजेरला. आता एवढंसं पोर छावणीत कुठला फुटबॉल खेळणार? त्याचं बालपण गेलं फूजेरमध्ये, रेनपासून पन्नासेक किलोमीटरवर किल्ला असलेलं छोटं शहर आहे ते. आधी तो ज्युडो करायचा, आणि घरात बॉल मारून वस्तू फोडायचा म्हणून आईने त्याला तिथल्याच द्रापो-फूजेर क्लबात नेऊन घातलं. इतकी साधी सुरुवात आहे आणि मला तीच जास्त भारी वाटते.

आगीचं म्हणाल तर 2013 मध्ये घर जळालं, होतं नव्हतं ते गेलं, आणि तूच हे घर परत उभं करशील असं वडील म्हणाले होते हे त्याने स्वतः सांगितलंय. ते वाचून कुणाचाही जीव कळवळेल. पण तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि फुटबॉल त्याच्या आधीपासून चालू होता, त्याच वर्षी तर तो रेनच्या अकादमीत गेला. आगीने त्याच्यावर जबाबदारी टाकली असेल, पायातलं कसब आगीतून नाही आलं.

आता मुख्य मुद्दा, रियालने शोधलं हा. रेनची अकादमी काय चीज आहे ते आधी बघा, उस्मान डेम्बेले तिथलाच, योआन गुरकुफ तिथलाच, नंतर देझिरे दुएही तिथूनच आला. कामाविंगाने तिथे डिसेंबर 2018 मध्ये पहिला प्रोफेशनल करार केला तेव्हा त्याला सोळावं पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता. 6 एप्रिल 2019 ला आंजेविरुद्ध कोच ज्युलियन स्टेफानने त्याला पहिल्यांदा उतरवलं. आणि मग 18 ऑगस्ट 2019, घरच्या मैदानावर समोर पॅरिसचा बलाढ्य क्लब पीएसजी. ती मॅच ज्यांनी बघितली नसेल त्यांनी शोधून बघाच, हा सोळा वर्षांचा पोरगा मिडफिल्डमध्ये बॉल घेतोय, अंगावर आलेल्या माणसाला वळून चुकवतोय, पास जवळपास एकही वाया जात नाहीये, आणि 1-1 असताना त्याने उचलून दिलेल्या बॉलवर डेल कास्टिलोने हेडर मारून रेनला 2-1 जिंकून दिलं. त्या महिन्याचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. डिसेंबरमध्ये लियोंच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांत त्याचा एकमेव गोल, रेन 1-0. कोविडमुळे तो सीझन अर्ध्यात थांबला तेव्हा रेन तिसरं होतं आणि क्लब पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगमध्ये गेला. म्हणजे 31 ऑगस्ट 2021 ला रियालने सही घेतली तोवर रेनकडून 88 मॅचेस आणि फ्रान्सकडून पदार्पण झालेलं होतं. सगळ्या युरोपला माहीत असलेला खेळाडू, फक्त करार एकच वर्ष उरला होता म्हणून सुमारे 3 कोटी 10 लाख युरोत मिळाला. याला हेरणं कसं म्हणायचं?

सगळ्यात लहान वगैरे तर पटकन तपासता येतं. 8 सप्टेंबर 2020 ला क्रोएशियाविरुद्ध कांतेच्या जागी तो आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, 1914 नंतरचा सगळ्यात लहान. 1914 नंतरचा, आजवरचा नाही. आणि तो रेकॉर्डही वॉरेन झाइर-एमरीने नोव्हेंबर 2023 मध्ये जिब्राल्टरविरुद्ध मोडला.

कमेंटमध्ये अजून एक जण लिहून गेलाय की मिडफिल्डर म्हणून जमलं नाही म्हणून रियालने त्याला लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू केलं. अरे, 4 मे 2022 आठवा, चॅम्पियन्स लीगची मँचेस्टर सिटीविरुद्धची सेमीफायनल, मॉड्रिचच्या जागी हा एकोणीस वर्षांचा पोरगा आला, आणि नव्वदाव्या मिनिटाला त्याने लांबून टाकलेला बॉल बेन्झेमाने आत वळवला, रॉड्रिगोचा गोल. तो बॉल मिडफिल्डरच टाकतो. लेफ्ट बॅकला माणूस कमी पडला की कधी रियालचे तेव्हाचे कोच अँचेलोटी आणि कधी फ्रान्सचे कोच देशां त्याला तिथे पाठवायचे, 2022 च्या वर्ल्ड कप फायनलमध्येसुद्धा तो थिओ हर्नांडेझच्या जागी तिथेच उतरला, आणि 2023 मध्ये सिटीविरुद्ध डावीकडून तोच धावत सुटला आणि व्हिनिसियसला बॉल देऊन गोल झाला. विश्वास नसलेल्या माणसाला कुठलाही कोच फायनलमध्ये अनोळखी जागेवर उतरवत नाही.