यमदीप कोणाला दाखवायला लावतात?

"दिवाळीतली रोषणाई म्हणजे शेजाऱ्यांवर छाप पाडणं" हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. मग धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमदीप लावतात तो कोणाला दाखवायला? आणि आकाशदिवा, तो तर उंच काठीला बांधून कार्तिकात लावायची पद्धत, पितरांना वाट दिसावी म्हणून, आमची आजी तर भाऊबीज उलटली तरी कंदील उतरवू द्यायची नाही, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहायचाच, मग कोणी बघो न बघो.

हां, सोसायट्यांमधे आता चढाओढ असते हे मान्य, समोरच्या विंगने एलईडीच्या माळा सोडल्या की आमच्या ग्रुपवर लगेच वर्गणीचा मेसेज येतो 😄 पण चाळीत बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ घेऊन पोरं रात्रभर बसायची, कंदील हमखास वाकडा व्हायचा आणि तरी गॅलरीत मधोमध लागायचा, त्यात कसली आलीय छाप? लेखकाने दिवाळीआधी माहीमच्या कंदील गल्लीत एक चक्कर मारावी, लोक एकेक कंदील पेटवून बघत किती वेळ घासाघीस करत उभे असतात ते दिसेल.