ताईंनी तपासलेला कोंबडा

मी निवडलेला कोंबडा गेल्या रविवारी एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या डोळ्यांदेखत विकत घेतला आणि रात्रीपर्यंत त्याचा रस्सा झाला असणार. रश्श्याला माझी हरकत नाही, मी काही माळकरी नाही. परंतु जाताना त्यांनी माझे आभार मानले, ते मात्र अजून जिरत नाही.

आमच्या परसात दहा गावठी कोंबड्या आहेत आणि त्यांना बाहेरच्या रक्ताचा एक तरुण कोंबडा हवा होता. सध्याचा कोंबडा निम्म्या तलंगांचा, म्हणजे तरुण माद्यांचा, बाप आणि उरलेल्यांचा भाऊ आहे. या घरगुती कारभाराचा परिणाम खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांवर दिसू लागला आहे. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहिले तर बरीच अंडी कोरी निघतात आणि एकविसाव्या दिवशी जी पिल्ले बाहेर येतात, त्यांतलीही काही जगण्याविषयी फारशी उत्सुक नसतात. कोंबडी फक्त आपल्या पिल्लांना अर्धे रक्त देते. कोंबडा मात्र दहाही जणींच्या पिल्लांना देतो. म्हणजे एक तलंगा, अर्थात तरुण कोंबडा, निवडणे हे निम्मा कळप निवडण्यासारखेच आहे आणि ते काम उभ्या उभ्या करता येत नाही, म्हणून मी बाजारात चक्क उकिडवी बसले.

आषाढातला बाजार होता. कोंबडीवाल्यासमोर साधारण चार महिन्यांचे तलंगे पाय बांधून ओळीने ठेवले होते. मी एकेकाच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवून ते सरळ आहे की वाकडे ते पाहिले, पायाची बोटे पसरली, खवले उचललेले नाहीत याची खात्री केली, वरची चोच खालच्या चोचीवर नीट बसते का ते बघितले आणि शेपटीखालच्या पिसांवर फुंकर घालून मुळाशी उवा-लिखा शोधल्या. ही फुंकर चालू असताना माझ्या डोक्यावर एका कापडी पिशवीची सावली पडली. पिशवीतून कोथिंबीर आणि वाळक्या खोबऱ्याची वाटी डोकावत होती, म्हणजे कार्यक्रम ठरलेला होता, फक्त प्रमुख पाहुणे यायचे बाकी होते.

"किती निघेल?" पिशवीवाल्या काकांनी विचारले.

"काय?"

"मटण."

"मला खायला नकोय."

"मग देवाला?" काका माझ्या शेजारी उकिडवे बसले. "देवाला न्यायचा तर एवढं कशाला बघता? देव बोटं मोजत नाही."

"देवालाही नाही."

काकांनी मागेपुढे पाहिले आणि आवाज खाली आणला. "झुंजीला? बंद आहे ते, ताई. पोलीस धरतात."

"नाही हो. पैदाशीला हवाय."

सुकटवाल्या बाईंनी मान वळवली. मागे उभ्या असलेल्यांना ऐकू गेले नसेल या काळजीने काकांनी तो शब्द मोठ्याने पुन्हा उच्चारला, आणि माझ्याभोवती पाहता पाहता एक कोंडाळे जमले. काकांचे म्हणणे असे होते की पैदाशीला बैल बघतात, रेडा बघतात; कोंबड्याचे काय बघायचे, सोडला की झाले. मोबाइल हातात धरलेल्या एका तरुणाने मला कडकनाथ घेण्याचा सल्ला दिला. झाबुआच्या त्या काळ्या पक्ष्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे त्याने वाचून दाखवले. कडकनाथ कोंबडी अंड्यांवर बसायला सहसा राजी नसते, हे मात्र त्याच्या मोबाइलमध्ये नव्हते आणि माझे म्हणणे ऐकायला तो थांबलाही नाही.

एव्हाना मी एक तांबडा-काळा तलंगा मनाशी धरला होता. मी पुढ्यात टाकलेले ज्वारीचे दाणे बाकीचे मुकाट्याने गिळत होते. याने मात्र पाय बांधलेले असूनही दाणा चोचीत उचलला, खाली टाकला आणि कुक्‌कुक्‌ करून शेजारच्या तलंगेला बोलावले. आपण उपाशी राहून कोंबड्यांना खाऊ घालण्याची ही सवय या वयात सगळ्यांना नसते. (मोठ्या वयातही सगळ्यांना नसते, आणि हे मी केवळ कोंबड्यांविषयी म्हणत नाही.)

एकच प्रश्न उरला होता. कोंबडा स्वतः अंडी घालत नाही, त्यामुळे त्याच्या लेकी अंड्यांना कशा निघतील याचा अंदाज त्याच्याकडे बघून येत नाही, त्याच्या आईची चौकशी करावी लागते. म्हणून मी विक्रेत्याला विचारले, "दादा, याची आई कशी आहे?"

तराजू धरलेला त्याचा हात थांबला. "ताई, व्यवहाराचं बोला. आईवर जायचं काम नाही."

"अहो, याची. या कोंबड्याची. अंडी किती घालायची?"

"सगळ्या कोंबड्या अंडीच घालतात, ताई," काका समजुतीच्या स्वरात म्हणाले.

"चांगली होती," विक्रेता थोडा निवळला. "एका दमात अठरा-वीस अंडी घालायची, पिल्लं घारीला द्यायची नाही. अंगानंही भरलेली."

"मग आता?"

"गेल्या आखाडात गेली."

क्षणभर मला बोलायला काही सुचले नाही, आणि तेवढा क्षण काकांना पुरला. त्यांनी माझा तलंगा उचलला आणि माझीच यादी मला ऐकवली: हाड सरळ, डोळे साफ, बोटे नीट, अंगात उवा नाहीत. "ताईंनी एवढं तपासलंय, म्हणजे बघायलाच नको," असे म्हणून त्यांनी ठरलेल्या किमतीवर पन्नास रुपये जास्त काढून ठेवले. विक्रेत्यानेही "पास झालेला माल आहे" अशी ग्वाही दिली. तलंगा उलटा लटकून, खोबऱ्याच्या वाटीकडे बघत निघाला. "आभारी आहे, ताई," काका म्हणाले. "आम्हाला यातलं काही कळत नाही."

काकांना दोष देऊन काही साधत नाही, तरी मी तो देते. पण खरा संताप निराळ्याच गोष्टीचा आहे. आमच्याकडे कोंबड्यांची निवड दर वर्षी होतेच, फक्त ती उलट्या टोकाने होते. जो तलंगा लवकर वाढतो, ज्याची छाती भरते, जो आजारातून तरतो, तो आषाढात आधी विकला किंवा कापला जातो. आणि जो खुरटलेला, बोटे वाकडी असलेला, कोणाच्याही नजरेत न भरणारा असतो, तो केवळ उरला म्हणून पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप होतो. पिढ्यान्‌पिढ्या हे केल्यावर तीच माणसे म्हणतात की गावठी कोंबडीत आता दम राहिला नाही. मग सुधारित पक्षी आणतात. बंगळुरूची गिरिराज काय, हैदराबादची वनराजा काय, वाढायला उत्तम आहेत. परंतु त्यांची पिल्ले आईबापांच्या तोलाची निघत नाहीत आणि या कोंबड्या खुडूकही सहसा होत नाहीत, त्यामुळे पुन्हा नवी पिल्ले विकत आणावी लागतात. स्वतःच्या परसात चांगला निघालेला एक तलंगा राखून ठेवण्याला मात्र पैसा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते कोणी करत नाही.

विक्रेत्याने मला उरलेल्यांतला एक देऊ केला होता. "हा न्या, याला कोणी हात लावत नाही," ही त्याची शिफारस. मी रिकाम्या हाताने घरी आले.

घरी जुना कोंबडा वेगळ्या खुराड्यात कोंडलेला आहे. कोंबडा बाजूला काढला तरी त्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक टिकते, म्हणून नव्याच्या आगमनाआधीच मी हा बंदोबस्त करून ठेवला होता. आता नवा नाही आणि जुना पहाटेपासून आतून निषेध नोंदवतो. "याचं काय करायचं मग?" अशी चौकशी घरातून दोनदा झाली आहे, आणि ती करणाऱ्याची नजर दोन्ही वेळा मसाल्याच्या डब्याकडे होती.

शेवटी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या काकूंकडे गेले. त्यांच्या कोंबड्यांशी आमच्या कोंबड्यांचे काही नाते नाही आणि त्यांच्या अंगणात या वर्षीचे सात-आठ तलंगे हिंडताहेत, त्यांतले दोन तर बघत राहावे असे आहेत. मी म्हटले, तुमच्यातला एक मला द्या, आमच्यातला एक तुम्हाला देते, दोन्हीकडचे रक्त बदलेल. काकूंना कल्पना फार आवडली.

"देते की," त्या म्हणाल्या. "तेवढा आखाड होऊन जाऊ दे. मग उरेल त्यातला चांगला बघून देते."