एवढ्यावर तो हंगाम संपत नाही

मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा २००७ चा हंगाम तुमच्या लेखात 'ॲपलॅचियन स्टेटकडून हरले' एवढ्यावरच संपवलाय, ते मनाला लागलं. मी तेव्हा ॲन आर्बरला, म्हणजे याच विद्यापीठाच्या गावी, शिकत होतो, त्या दिवशी स्टेडियममध्येच होतो. आपण देशातल्या विद्यापीठ संघांच्या क्रमवारीत पाचवे, समोर खालच्या विभागातला (पण तिथला सलग दोनदा विजेता) संघ. ६ सेकंद उरलेले, ३७ यार्डांवरून जिंकण्यासाठीची आमची किक. चेंडू वर उठतोय तोच त्यांच्या कोरी लिंचने अडवला. ३४-३२. लाखावर माणसं सुन्न, आवाज फक्त पाहुण्यांच्या कोपऱ्यातून. पुढच्या शनिवारी ओरेगनने ३९-७ असं धुतलं.

पण त्यानंतर सलग आठ सामने जिंकले हो! मिशिगन स्टेटविरुद्ध तर शेवटच्या क्वार्टरमध्ये दहा गुणांनी मागे होतो, तिथून २८-२४. कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटकडून १४-३ ने हरलो ते अजून खुपतं. हेनी, हार्ट, जेक लाँग, एवढी गुणी पोरं, चार वर्षांत ओहायो स्टेटला एकदाही हरवू शकली नाहीत.

आणि १ जानेवारी २००८, ऑरलँडो, हंगामाचा शेवटचा सामना. नावाजलेला क्वार्टरबॅक टीबो याच्या फ्लोरिडा संघाला ४१-३५ ने हरवलं आणि निवृत्त होणाऱ्या प्रशिक्षक लॉइड कार यांना पोरांनी खांद्यावर उचलून घेतलं. लेखात तो फोटो हवा होता.