दांडक्याने धान्य पिकत नाही

आज सगळ्या ग्रुपांवर एकच फॉरवर्ड फिरतोय. "चीन शून्यातून चाळीस वर्षांत महासत्ता झाला, कारण तिथे दांडका चालतो. आपल्याकडेही तोच हवा." खाली टाळ्या आणि अंगठे. शिकलीसवरलेली माणसं हे पुढे ढकलतायत याचा संताप आला, म्हणून लिहितोय. माझ्या यादीतल्या लोकांना दांडक्याचं प्रेम नाही हे ठाऊक आहे, पण उत्तर द्यायला हाताशी काहीतरी असावं.

चीनमध्ये दांडका सगळ्यात जोरात चालला तो माओच्या राजवटीत, १९५८ साली. लोखंड-पोलादाचं उत्पादन एका वर्षात दुप्पट करायचा हुकूम निघाला आणि गावोगावी परसात मातीच्या भट्ट्या लागल्या. दगडी कोक नाही, म्हणून झाडं तोडून कोळसा केला. खनिज पुरेना, म्हणून घरातल्या कढया, कुदळी वितळवल्या. एवढ्याशा भट्टीत ना पुरेसं तापमान मिळत, ना गंधक निघून जात. हाती आलं ते ठिसूळ, बिनकामाचं कच्चं लोखंड. सुमारे ९ कोटी माणसं त्या भट्ट्यांवर जुंपली होती आणि पिकं शेतात कुजत होती. वर आकडे मात्र फुगवून जात होते. त्या वर्षी ३७.५ कोटी टन धान्य पिकल्याचं जाहीर झालं, प्रत्यक्षात पिकलं होतं सुमारे २० कोटी टन. लेव्ही, म्हणजे सरकारला सक्तीने घालायचं धान्य, बसली ती फुगवलेल्या आकड्यावर. गावांनी बियाण्यासकट सगळं दिलं. १९५९ मध्ये तर ४० लाख टनांहून जास्त धान्य निर्यात झालं आणि ते पिकवणारे उपाशी मेले. कमीत कमी दीड कोटी, बऱ्याच अभ्यासकांच्या मते ३ कोटींच्या आसपास. हवा आहे हा दांडका? आणा मग.

अनहुई प्रांत सगळ्यात जास्त होरपळला. त्याच प्रांतातल्या फंगयांग तालुक्यातलं श्याओगांग हे गाव. तिथली माणसं दरवर्षी भीक मागायला बाहेर पडायची. १९७८ च्या हिवाळ्यात एका रात्री १८ जणांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उमटवले. कम्यूनची, म्हणजे सगळ्यांनी मिळून कसायची सामाईक जमीन आपापसात वाटून घ्यायची, ज्याने त्याने आपली कसायची, सरकारचा हिस्सा ठरल्याप्रमाणे घालायचा. आणि पुढचं कलम असं की, यासाठी कुणाला तुरुंगात जावं लागलं किंवा डोकं गमवावं लागलं, तर त्याची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची.

आपलीच जमीन नीट कसता यावी म्हणून माणसं आपली पोरं एकमेकांच्या ओटीत घालत होती.

आता यात बदललं काय ते नीट बघा. कम्यूनमध्ये घंटा वाजली की सगळे शेतावर. धडधाकट पुरुषाला दिवसाला १० गुण, मग तण मुळापासून उपटा नाहीतर वरवर खुडा. वर्षअखेर सगळ्यांच्या उत्पन्नाला सगळ्यांच्या गुणांनी भागायचं. एकाने जादा राबून त्याच्या घरात मूठभर दाणेही वाढत नसत. नव्या व्यवस्थेत आधी सरकारचा ठरलेला हिस्सा, मग गावाचा, उरलेलं सगळं आपलं. पोत्यातला शेवटचा दाणा स्वतःचा झाल्यावर माणूस पहाटेच बांधावर हजर. १९७९ मध्ये श्याओगांगला सुमारे ६६ टन धान्य झालं. अनहुईचे पक्षसचिव वान ली यांनी या लोकांना पकडलं नाही, पाठीशी घातलं. त्यांचं मोठेपण त्यात आहे. १९६१ साली याच प्रांतात असाच प्रयोग झाला होता, तेव्हा वरून हुकूम आला आणि पुढच्याच वर्षी तो मोडून काढला.

मान्य, सगळं एका कागदाने झालं नाही. त्याच प्रांतात इतर गावांनीही हेच केलं होतं, आणि श्याओगांगची कथा सरकारने पुढे सजवून सांगितली. पाटबंधारे, शाळा, अनवाणी डॉक्टर (थोडंफार शिकवून गावात नेमलेले आरोग्यसेवक) हे माओच्या काळाचंच देणं. १९७३ मध्ये परदेशातून घेतलेले १३ मोठे युरिया कारखाने नेमके तेव्हा सुरू झाले, संकरित भात आला होता, आणि १९७९ मध्ये सरकारने लेव्हीचा भाव २० टक्के वाढवून त्यावरच्या धान्याला आणखी ५० टक्के जादा दिले. पण युरिया काय, कम्यूनच्या शेतातही पडतच होता. १९७८ मधलं ३०.५ कोटी टन धान्य १९८४ मध्ये ४०.७ कोटींवर गेलं, ते बहुतेक सगळ्या घरांना जमीन वाटून मिळाल्यावर.

आणि "शून्यातून" म्हणणाऱ्यांना काय सांगावं! सुंग राजवटीत, १०१२ साली, शंभरेक दिवसांत येणाऱ्या चंपा भाताचं बियाणं यांग्त्से नदीच्या खोऱ्यात वाटलं गेलं. १०२४ साली सिचुआनात सरकारी कागदी चलन निघालं, कारण तिथली लोखंडी नाणी वाहून बाजार करणं अशक्य झालं होतं. पुढे जगाची चांदी चीनकडे वाहायची. ती उलटी वाहायला लागली अफूमुळे, आणि त्यातली माळव्याची अफू आपल्या मुंबईच्या बंदरातून चढायची. हेही लक्षात असू द्या.

श्याओगांगचं सूत्रच पुढे कारखान्यांना लावलं. ठरलेला कोटा सरकारी भावाने द्या, वरचा माल बाजारभावाने विका. १९८५ पासून हे राजरोस सुरू झालं. माल वाढला, पण दोन भावांच्या फटीत वशिल्याचे लोक घुसले. परमिटवर स्वस्त पोलाद उचलायचं आणि तेच बाजारात दामदुपटीने विकायचं. १९८८ मध्ये महागाई १९ टक्क्यांच्या घरात गेली, लोकांनी बँकांतून पैसे काढून मिळेल ती वस्तू घरात भरली. पुढच्या वर्षी बीजिंगच्या तिआनमेन चौकात उतरलेल्या माणसांच्या रागात हा रागही होता. दांडका तेव्हा पुन्हा निघाला, आणि त्याने कुणाचं भलं झालं ते मला सांगू नका.

शेन्झेनचं खास आर्थिक क्षेत्र, १९९२ चा चीनचे नेते डेंग श्याओपिंग यांचा दक्षिण दौरा, २००१ मधला जागतिक व्यापार संघटनेतला प्रवेश, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या कारखान्यांत उभी राहिलेली पोरं-पोरी याच वाटून घेतलेल्या शेतांवरून आलेली, हे कुणी सांगत नाही. शेतीला आता इतके हात लागत नव्हते म्हणून ती शहरात आली. पण १९५८ च्या हुकोऊमुळे, म्हणजे माणसाला त्याच्या गावाशी बांधणाऱ्या सरकारी नोंदणीमुळे, तिथल्या शाळेत त्यांच्या मुलांना जागा मिळेना, म्हणून कोट्यवधी मुलं गावी आजी-आजोबांकडे वाढली.

आणि ती जमीन अजूनही त्यांची नाही. १९८४ मध्ये १५ वर्षांचा मक्ता मिळाला, १९९३ मध्ये ३० वर्षांचा, २०१७ मध्ये आणखी ३० वर्षांची घोषणा झाली. मालकी गावाची, त्यामुळे शेतकरी ती विकू शकत नाही. शहर वाढलं की स्थानिक सरकार ती २०१९ पर्यंत पिकाच्या हिशेबाने ठरलेल्या मोबदल्यात घ्यायचं आणि बिल्डरला कितीतरी पट भावाने द्यायचं. शहरांचा कारभार वर्षानुवर्षं याच पैशावर चालला, आणि घरांचा बाजार बसल्यावर आता तिजोऱ्या रिकाम्या पडल्यात.