तुकतुकीत वाघ आणि निगेटिव्ह रिपोर्ट

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. वर लिहिलंय ‘कमाटीबागेत (म्हणजे इथल्या प्राणिसंग्रहालयात) जाणाऱ्यांनी जरूर वाचा’, मजकूर मात्र सगळ्याच प्राणिसंग्रहालयांबद्दल आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जनावर धष्टपुष्ट दिसलं की त्याला जंत नाहीत. विष्ठेचा एक रिपोर्ट निगेटिव्ह आला की विषय संपला. जंगलातल्या प्राण्यांना जंत होत नाहीत, हा पिंजऱ्याचा रोग. म्हणून तपासण्यांवर पैसे न घालवता दर तीन महिन्यांनी सरसकट औषध पाजावं. आणि लहान मुलांना पिंजऱ्यांपासून लांब ठेवावं, कारण वासातून जंत लागतात. प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे ‘काका, हे खरं का?’ असं विचारणारे पुष्कळ. सगळ्यांना एकदाच उत्तर देतो.

धष्टपुष्ट जनावराचं आधी बघू, कारण हाच मुद्दा सगळ्यात घातक. रानटी प्राणी आजार लपवतो. कळपात लंगडणारं हरीण आधी मारलं जातं, तेव्हा शेवटपर्यंत सावरून चालणं हा त्याचा स्वभावच. शिवाय परजीवी काही फक्त आतड्यात नसतात. २००० सालच्या जुलैत भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननमध्ये थोड्याच दिवसांत डझनभर वाघ गेले. कारण होतं ट्रिपॅनोसोमा, रक्तातला एकपेशी परजीवी. त्याच्या आजाराला सर्रा म्हणतात. गुराढोरांना चावणाऱ्या माश्या तो रक्तातून रक्तात नेतात. आपल्या गुजरातेत २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये २३ सिंह मेले, तेव्हा मुख्य आरोपी डिस्टेंपरचा विषाणू होता, पण गोचिडांतून येणारा बबेसिया हा रक्तातला परजीवीही सापडला होता. ट्रिपॅनोसोमा आणि बबेसिया विष्ठेत कितीही शोधा, दिसायचे नाहीत. त्यांना रक्ताची स्लाइड लागते, आणि रक्तात त्यांची संख्या कमी असेल तर पीसीआर. वाघाचं रक्त काढायचं तर दर वेळी बेशुद्ध करावंच लागतं असंही नाही. काही ठिकाणी वाघाला शेपूट गजांबाहेर द्यायला शिकवतात आणि शेपटीच्या शिरेतून नमुना घेतात.

आता निगेटिव्ह रिपोर्ट. रिपोर्टवर कोणती पद्धत वापरली ते आधी वाचा. नेहमीच्या तपासणीत विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळतात. हलकी अंडी वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. गोलजंतांसाठी हे उत्तम. पण लिव्हर फ्लूकची, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंतांची, अंडी जड, ती तळाशी बसतात. हत्तीला किंवा गव्याला फ्लूक आहे का हे बघायचं तर गाळ तपासावा लागतो. फुप्फुसातल्या जंतांच्या अळ्यांसाठी तिसरीच रीत: कोमट पाण्यात नमुना लटकवून ठेवायचा, अळ्या आपणहून खाली उतरतात. बेअरमन नावाच्या डॉक्टरांची ही पद्धत १९१७ सालची, आजही चालते. म्हणजे ‘निगेटिव्ह’चा अर्थ एवढाच, की या नमुन्यात, या पद्धतीने काही दिसलं नाही.

पद्धत बरोबर असली तरी जंत हुलकावणी देतात. कोवळे जंत अंडी घालत नाहीत. आतड्यात नुसते नर असले तर अंडी येणार कुठून? जिआर्डियासारखे आतड्यातले एकपेशी जीव काही दिवस विष्ठेतून बाहेर पडतात, काही दिवस नाही, म्हणून एक दिवसाआड तीन नमुने घेतात. नमुना ताजा हवा. बडोद्याच्या मे महिन्यात दिवसभर उन्हात पडलेल्या लेंड्यांत काही अंडी फुटून अळ्या होतात, आणि बाहेरच्या मातीतल्या अळ्या आत शिरतात. नमुना फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रीझरमध्ये नव्हे. आणि एका कुंपणात दोन वाघिणी असल्या तर विष्ठा कोणाची? त्यासाठी एकीच्या मांसात खायचा रंग किंवा निरुपद्रवी चमकी मिसळतात. ही युक्ती मला फार आवडते.

‘जंगलात जंत नसतात’ हे वाचून हसू आलं. वाघ आणि हरीण यांच्यातच फिरणारे परजीवी आहेत. सार्कोसिस्टिस हरणाच्या स्नायूत वाढतो आणि त्याचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात चक्र पूर्ण करतो. अवघड आहे ते जंगलातल्या नमुन्यावरून निदान करणं. वाघाने चितळ खाल्लं की चितळाच्या जंतांची अंडी वाघाच्या विष्ठेत जशीच्या तशी उतरतात. नवखा माणूस लगेच वाघाच्या नावावर नवा रोग लिहून मोकळा होतो.

सरसकट औषधाबद्दल फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. मातीच्या बंद आवारात ठराविक मुदतीने औषध द्यावं लागू शकतं. पण तपासणी टाळून नाही. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं नेहमीचं औषध पट्टकृमींवर आणि फ्लूकवर चालत नाही, आणि कुठले जंत आहेत हे तपासल्याशिवाय कळणार कसं? काळविटांच्या कळपाला औषध खाद्यातून दिलं तर दांडगा नर जास्त खातो, बुजऱ्यांना अर्धवट मात्रा मिळते, आणि अर्धवट मात्रेतूनच औषधाला न जुमानणारे जंत पोसले जातात. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातला हिमाँकस नावाचा जंत असाच अनेक औषधांना पुरून उरलाय. म्हणून औषधाआधी दर ग्रॅम विष्ठेतली अंडी मोजतात, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा मोजतात. आकडा पडला नाही, तर औषध बदला.

राहिला मुलांचा प्रश्न. वासातून जंत लागत नाहीत. टॉक्सोकॅराचं, म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या गोलजंताचं, ताजं अंडं लगेच लागण करत नाही, त्याला तयार व्हायला जमिनीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि ते तोंडावाटेच पोटात जावं लागतं. त्या हिशोबाने कमाटीबागेतल्या पिंजऱ्यापेक्षा सोसायटीतली वाळू, जिथे भटकी कुत्री-मांजरं घाण करतात आणि मुलं उघड्या हातांनी किल्ले करतात, जास्त काळजीची. मुलांना पिंजरे खुशाल दाखवा, आणि वाळूत खेळून आली की खाण्याआधी साबणाने हात धुवायला लावा.