‘टाकून आलात’ या शब्दाबद्दल

खुब्याच्या ऑपरेशननंतर पाच आठवडे आई पुनर्वसन केंद्रात, म्हणजे रुग्णाला ठेवून घेऊन पुन्हा चालतं करणाऱ्या ठिकाणी होती, त्यावर मी लिहिलं होतं. त्यावर काल रात्री पावणेबाराला, नाव न देता, तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की अशी पुनर्वसन केंद्रं किती जणांना परवडतात याचा लेखात उल्लेखही नाही; घरी फिजिओ बोलावून निम्म्या पैशांत तेच झालं असतं; हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे. आणि शेवटी: ‘सख्खी मुलगी असून आईला परक्यांत टाकून आलात, वर त्याचं कौतुक लिहिता.’

जे मान्य आहे ते आधी मान्य करते. खर्चाचा आकडा मी द्यायला हवा होता. दिवसाचे साडेचार हजार, औषधं आणि डायपर वेगळे. विम्यातून त्यातला एक रुपयाही मिळाला नाही, कारण आमच्या पॉलिसीत पुनर्वसन वगळलेलंच आहे. हे लिहायचं राहिलं, ती माझी चूक.

आता ‘टाकून’. मुलाला शाळेत टाकलं असं आपण म्हणतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही, हे मलाही माहीत आहे. तुम्ही त्या अर्थाने लिहिलेलं नाही. बायको टाकली म्हणतात, तसं तुम्ही लिहिलंत. तेही अशा माणसाबद्दल, ज्याला तुम्ही पाहिलेलं नाही.

आई 74 वर्षांची. सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही, 52 पायऱ्या. संडास भारतीय पद्धतीचा, आणि न्हाणीचं दार इतकं अरुंद की वॉकर आडवा करूनही आत जात नव्हता. मोडलेल्या खुब्याचा गोळा काढून नवा बसवला होता. तीन महिने उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खाली वाकायचं नाही, झोपताना दोन पायांत उशी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सांधा निखळला तर पुन्हा टेबलावर. अशा बाईला मी त्या घरात कुठे बसवणार होते, हे तुम्ही सांगा. त्या पाच आठवड्यांत गवंडी येऊन कमोड बसवून गेला, न्हाणीचं दार काढून पडदा लावला, भिंतीला दांड्या ठोकल्या. तुमच्या हिशेबात हे कुठेच नाही. रोज सकाळी सात ते नऊ मी तिथे होते आणि संध्याकाळी आयाबाई ‘ताई, आता निघा’ म्हणेपर्यंत होते, हेही नाही. पहिल्या रात्री आई रडली हे मीच प्रामाणिकपणे लिहिलं, तेवढं मात्र तुम्ही बरोबर उचललंत.

आणि घरी ठेवणं म्हणजे काय, ते मी पाहिलेलं आहे. 1991 साली वाईला माझ्या आजीचा खुबा मोडला. वय झालंय, आता कसलं ऑपरेशन, असं सगळ्यांनी ठरवलं. पायाला विटा लटकवून तिला माजघरात कॉटवर निजवलं. हलवलं की ती ओरडायची, म्हणून कुणी हलवायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे कुणाला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर लाल डाग दिसला, मग कातडी काळी पडली, मग भोक. संध्याकाळी वीज जायची, तेव्हा बारा वर्षांची मी टॉर्च धरून उभी राहायचे आणि आई जखम धुवायची. कापसाचा बोळा आत जायचा आणि दिसेनासा व्हायचा. तो वास घालवायला कॉटखाली फिनाइलची बशी ठेवलेली असायची. चौथ्या महिन्यात आजी गेली. तिला कुणी टाकलं नव्हतं. घरात आठ माणसं होती, आणि आठही जणांचा तिच्यावर जीव होता.

ती जखम धुणारी माझी आई. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, ‘मला आधी चालतं करा, मग घरी न्या.’ निर्णय तिचा होता. मूळ लेखात हे आहे, दुसऱ्याच परिच्छेदात. पुरता वाचला असतात तर दिसलं असतं.

फिजिओ घरी बोलावण्याबद्दल एवढंच: तो पाऊण तास येतो आणि जातो. उरलेले सव्वातेवीस तास तुम्ही येणार होतात का? फॅडबद्दल: मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था 1955 पासून आहे, खडकीला जखमी जवानांचं केंद्र 1974 पासून. यापेक्षा जास्त त्यावर बोलण्यात अर्थ नाही. परवडण्याचा मुद्दा मोठा आहे, त्यावर कधीतरी सवडीने लिहीन. पण तो मांडायला माझ्या आईला मध्ये घ्यायची गरज नव्हती.

आई होती त्या केंद्रात व्यायामाच्या खोलीत चार लाकडी पायऱ्या होत्या, दोन्ही बाजूंना कठडे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, एवढं एकच वाक्य व्यायाम घेणारी मुलगी आईकडून रोज म्हणून घ्यायची. पहिल्या आठवड्यात आई एका पायरीवर पाय ठेवून घामाघूम व्हायची. चौथ्या आठवड्यात चार पायऱ्या दहा वेळा. घरी आणलं त्या दिवशी प्रत्येक वळणावर खुर्ची मांडून ठेवली होती. 52 पायऱ्यांना पंचवीस मिनिटं लागली. तिला कुणी उचललं नाही. वर पोचल्यावर तिने आधी देवाला हात जोडले आणि मग नवा कमोड बघायला गेली.

परवा ती काठी घेऊन खालच्या मजल्यावर काकूंकडे हळदीकुंकवाला जाऊन आली. तुमची प्रतिक्रिया मी तिला वाचून दाखवलेली नाही आणि दाखवणारही नाही.