आधी छत, मग एसी

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाचं घर उभं राहतंय. भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. भाऊ म्हणतो दीड टनाचे दोन एसी, एकाने भागणार नाही. काका म्हणतात, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असताना एसी कशाला, आणि लाइन गेली की दोन्ही सारखेच. वहिनीला सोलर हीटर हवा, कारण थंडीत पहाटे पऱ्हाट्या पेटवून बंब तापवायचं काम तिच्याच वाट्याला येतं. मी जर्मनीत, स्टुटगार्टच्या आसपास राहते. नवं घर कशाने गरम ठेवायचं, हा निर्णय आम्हाला नुकताच घ्यावा लागला, म्हणून या वादात बोलतेय.

इथेही या विषयावरून २०२३ मध्ये रान उठलं होतं. नव्या वसाहतीतल्या नव्या घरांत बसणाऱ्या हीटिंगला किमान ६५ टक्के ऊर्जा अपारंपरिक स्रोतांतून हवी, असा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. गॅस, लाकडाच्या गोळ्या की विजेवर चालून बाहेरची उष्णता घरात ओढणारा हीट पंप, यावर शेजारीपाजारी भांडले. पण आमच्या कंत्राटदाराने पहिल्या भेटीत यंत्राचं नावच काढलं नाही. त्याने नकाशा मागितला. बाहेर उणे दहा-बारा अंश आणि आत वीस असताना कोणत्या खोलीतून, भिंतीतून, खिडकीतून, छतातून किती उष्णता निसटेल, याचा खोलीवार हिशेब आधी झाला. छतात जाड इन्सुलेशन आणि खिडक्यांना तिहेरी काच असल्याने लहान हीट पंप पुरला. फरशीखालच्या नळ्यांत जेमतेम ३५ अंशांचं पाणी फिरतं. पाणी जितकं कमी तापवायचं तितकी वीज कमी लागते. चांगल्या घरात एक युनिट विजेमागे तीन-चार युनिट उष्णता मिळते.

हे ग्रुपवर लिहिलं तर भावाचं उत्तर आलं, "ताई, तिकडे बर्फ पडते, इकडे ऊन. तुया पंप आमाले काय कामाचा?"

पंप नसेल कामाचा, हिशेब आहे. हीट पंप म्हणजे उलट्या दिशेने चालणारा एसीच. आणि विदर्भात पारा ४५-४६ वर जातो तेव्हा सगळ्यात जास्त ऊन झेलतो तो स्लॅब. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री ती धग खाली सोडत राहतं. मे महिन्यात रात्री दहाला खाटेवर उभं राहून स्लॅबला खालून हात लावा, धग जाणवते. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. आपण एसी एक की दोन यावर भांडतो, पण त्यांचे टन, म्हणजे थंड करायची ताकद, या स्लॅबशीच लढण्यात जातात.

याचा अर्थ आजोबांच्या घराकडे परत जा, असं मी म्हणणार नाही. मातीच्या रुंद भिंती, कवेलू आणि खाली माळा, त्यामुळे ते घर खरंच थंड असायचं. पण उधई लागायची, माकडं कवेलू फोडायची, आणि दर पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणसं शोधावी लागायची. लोकांना स्लॅब हवा, यात त्यांचं काही चुकत नाही. जर्मन घराची नक्कलही नको. ऊब धरून ठेवायला बांधलेली इथली घरं उन्हाळ्यात घुसमटतात.

माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या एसीचे पैसे छतावर घालावेत. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे. तेवढं जमत नसेल तर दर मार्चला चुना. ज्यांच्या भिंती अजून उठायच्या आहेत त्यांनी जिना आणि न्हाणीघर पश्चिमेला घ्यावं, म्हणजे दुपारचं ऊन झोपायच्या खोलीच्या भिंतीवर येत नाही. मग कोरड्या मे महिन्यात काकांचा कूलर बराच भार उचलेल. दमट दिवसांत कूलर निकामी असतो, तेव्हा एक एसी चालवावा. वहिनीच्या सोलर हीटरवर तर चर्चाच नको, तो पहिला बसायला हवा. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ बहुतेक मोकळं असतं.

भावाला वाटतं, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, तर वीज फुकटच पडेल. पॅनेल जरूर लावावेत. पण बॅटरी नसेल तर लाइन गेली की ग्रिडला जोडलेलं सोलरही बंद होतं. भर मे महिन्यात दुपारी दोनला लाइन गेली, की कोबाच काय ते काम करतो.

आणि आमच्याकडे निदान एसीचा वाद घालायला पैसे आहेत. त्याच गावात घरकुलाची घरं उभी राहताहेत: १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान, किमान २५ चौरस मीटर, वर स्लॅब नाहीतर टिनपत्रा. त्या घरांत एसी येणार नाही, कूलरही प्रत्येकाला परवडणार नाही. तिथे उन्हापासून वाचवायला फक्त छत आहे. हप्ता सोडण्याआधी भिंत कुठवर आली याचा फोटो घेतला जातो. छत तापू नये म्हणून त्यावर काय घातलंय, हेही त्याच वेळी विचारावं आणि त्यासाठी वेगळे पैसे द्यावेत. ही मागणी ग्रामसभेत मांडायला मी भावाला सांगितलंय.